टोरेसचं ‘हरवलेलं गुपित’ कधी हरवलंच नव्हतं

एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. गिटार शिकणाऱ्या मुलांनी मलाही तो दोन-तीनदा पाठवला. त्याचं म्हणणं असं: आधुनिक स्पॅनिश गिटारचा शोध एकोणिसाव्या शतकातल्या आंतोनियो दे टोरेस या स्पॅनिश कारागिराने एकट्याने लावला, तिचा गोडवा ब्राझिली रोझवूडमध्ये आहे, आणि तिचं गुपित तो १८९२ मध्ये जाताना सोबत घेऊन गेला, त्यामुळे तशी गिटार आता होणे नाही. टोरेसवर माझा फार जीव आहे, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

आधी लाकूड. हा मुद्दा टोरेसने स्वतःच निकालात काढला आहे. १८६२ साली त्याने एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. वरची, तारांखालची पाटी तेवढी चांगल्या स्प्रूसची, म्हणजे एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची. आवाज घडतो तो मुख्यतः त्या पाटीत, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. रोझवूडने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाही, पण गोडव्याचं मूळ तिथे नाही. आणि ब्राझिली रोझवूडवर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, त्याच्या कितीतरी आधीपासून माद्रिदचे कारागीर भारतातलं शिसव वापरत होते. आपल्या सह्याद्रीतही वाढतं तेच झाड.

‘एकट्याने शोध’ हेही खरं नाही. जुन्या गिटारच्या पोटात छोटा आरसा आणि दिवा सरकवून पाहा. पाटीच्या आतल्या अंगाला बारीक पट्ट्या चिकटवलेल्या दिसतात, पंख्याच्या काड्यांसारख्या पसरत गेलेल्या. टोरेसच्या गिटारींत त्या बहुधा सात. पण सेव्हिलच्या फ्रान्सिस्को सांगिनोने १७५९ मध्येच अशा पट्ट्या बसवल्या होत्या, टोरेसच्या जन्माच्या ५८ वर्षं आधी. टोरेसने काय केलं? अंग मोठं केलं, पाटी पातळ ठेवून तिला हलकासा फुगवटा दिला आणि सगळ्याचं प्रमाण असं जमवलं की पुढच्यांनी तेच धरून ठेवलं. माझ्या मते हे शोधाहून मोठं काम आहे.

आता गुपित. टोरेसचे पाद्री स्नेही हुआन मार्तिनेझ सिर्वेंत यांनी लिहून ठेवलंय, की गुपिताबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, ते माझ्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांत आहे. पाटी चिमटीत धरली की ती किती ताठ, अजून किती तासायची, ते बोटांना कळतं. हे कागदावर उतरत नाही, पण कारखान्यात एकाच्या हाताकडे पाहत दुसऱ्याच्या हातात नक्की उतरतं. माद्रिदमध्ये मानुएल रामिरेझच्या कारखान्यात सांतोस एर्नांदेझ आणि दोमिंगो एस्तेसो असेच तयार झाले. विख्यात गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाची १९१२ ची गिटार याच कारखान्यातली. आत नाव मालकाचं असलं, तरी ती घडवली सांतोसने असं बहुतेक जाणकार मानतात.

तीच गिटार १९२४ मध्ये म्युनिकचा गिटार कारागीर हेर्मान हाउसरने पाहिली. स्पेनचा नाही, टोरेसला भेटलेला नाही. त्याने ती नीट मापली आणि पुढची बारा-तेरा वर्षं गिटारीमागून गिटारी केल्या. १९३७ मध्ये त्याने जी गिटार सेगोव्हियाच्या हाती दिली, ती सेगोव्हियाने पुढे जवळपास २५ वर्षं मैफलींत वाजवली. त्या दोन्ही गिटारी आज न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.