जिनिंगच्या सर्व्हरसाठी रेड निवडताना घ्यावयाची काळजी

तालुक्याच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये संगणकाची जबाबदारी ज्याच्या गळ्यात पडते, त्याची पात्रता बहुधा एवढीच असते की प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्याला न फाडता काढता येतो. ते गृहस्थ आपण असाल, आणि काट्याच्या पावत्या, शेतकऱ्यांचे चुकारे व गठाणींचा हिशेब ज्या सर्व्हरवर राहणार त्याला हार्डवेअर रेड घ्यावे की सॉफ्टवेअर रेड (म्हणजे एक डिस्क बंद पडली तरी हिशेब शाबूत राहावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याचे काम स्वतंत्र कार्डाने करावे की संगणकातल्याच प्रोग्रामने), अशी विचारणा संचालक मंडळाने केली असेल, तर पुढील सल्ला आपल्यासाठीच आहे. एक डिस्क बंद पडली तर दुसऱ्या दिवशी काटा कोण आणि कसा सुरू करणार, हा प्रश्न सभेत निघणार नाही याची सर्वप्रथम खबरदारी घ्यावी. शेजारच्या तालुक्यातल्या जिनिंगने काय घेतले, एवढी चौकशी पुरेशी आहे.

शेजाऱ्यांनी हार्डवेअर रेड घेतलेले असते. पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ या अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या तिघांनी 1988 च्या आपल्या निबंधात असे मांडले होते की, एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्क एकत्र जोडून तेच काम अधिक वेगाने आणि भरवशाने करता येईल. त्यांचा मान राखून आपण डिस्क स्वस्तातल्याच घ्याव्यात आणि वाचलेल्या पैशांत तेवढेच आणखी घालून एक कार्ड घ्यावे. कार्डाला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते, आणि मुख्य म्हणजे जीएसटीसह बिल असते. सॉफ्टवेअर रेड लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर फुकट येते. फुकटच्या वस्तूची तीन कोटेशने मागवणार कोणाकडून?

स्वस्त डिस्क आणि महाग कार्ड यांचे आपसात फारसे पटत नाही, हे खरे आहे. घरगुती डिस्कला एखादे सेक्टर, म्हणजे स्वतःवरचाच एखादा लहानसा तुकडा, वाचता आले नाही, तर ती मुकाट्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत बसते; कार्ड काही सेकंद वाट पाहते आणि जिवंत डिस्कला मृत ठरवून बाहेर काढते. मग कार्डावरचा भोंगा वाजू लागतो. तो कर्कश असतो आणि थांबत नाही, म्हणून रोखपालाचे डोके दुखते. अशा वेळी भोंगा कायमचा बंद करण्याची सोय कार्डाच्या सेटिंगमध्ये असते, तिचा लाभ घ्यावा.

कार्डाचे खरे वैभव मात्र त्याच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या मेमरीत आहे. संगणकाने दिलेली नोंद कार्ड आधी आपल्या मेमरीत ठेवते, ‘लिहिली’ असे कळवून मोकळे होते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. मधल्या काळात वीज गेलीच, तर ती नोंद बॅटरीच्या जोरावर तग धरते. या बॅटरीला वय असते, आणि ज्या खोलीत मे महिन्यात पारा 45 च्या आसपास रेंगाळतो, तिथे ती लवकरच म्हातारी होते. बॅटरी थकली की कार्ड राइट-बॅक, म्हणजे ही सवडीने लिहिण्याची पद्धत, सोडून राइट-थ्रूवर येते, म्हणजे प्रत्येक नोंद प्रत्यक्ष डिस्कवर पोचल्याशिवाय ‘झाले’ म्हणत नाही. परिणामी ऐन दिवाळीनंतरच्या गर्दीत, कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत लागलेल्या असताना, पावतीला उशीर होऊ लागतो आणि खिडकीतून विचारणा होते, ‘‘काहून जी, आज निंघते का नाही पावती?’’ नवी बॅटरी मागवण्याच्या भानगडीत आपण पडू नये. बॅटरी नसली तरी राइट-बॅक चालूच ठेवण्याचा पर्याय बहुतेक कार्डांत दिलेला असतो, तो निवडावा. पावत्या लगेच सटासट निघू लागतील आणि अध्यक्ष आपली पाठ थोपटतील. वीज जाईल, अशी शंका ज्याला येते त्याला इन्व्हर्टर दाखवावा. त्यावर दोन पंखे, एक कूलर आणि मोबाइलचे चार्जर आधीपासून आहेत, तेवढ्यात सर्व्हरही मावून जाईल.

पुढे कधीतरी कार्ड स्वतःच जाते. प्रत्येक कंपनीचे कार्ड डिस्कवर आपल्या पद्धतीने मांडणी करते, त्यामुळे त्या डिस्क वाचायला त्याच कंपनीचे, शक्यतो त्याच कुळातले कार्ड लागते, आणि ते मॉडेल तोवर बाजारातून उठलेले असते. म्हणून खरेदीच्या वेळी दुसरे कार्ड घेऊन कपाटात ठेवण्याची सूचना कोणी मांडली, तर ती अनावश्यक खर्च म्हणून फेटाळावी. नंतर नागपूरच्या सीताबर्डी बाजारात माणूस पाठवून जुन्या सामानात शोध घेण्याचा प्रवासखर्च वेगळ्या खात्यातून मंजूर होतो. नशिबाने कार्ड मिळालेच, तर सुरू करताच काळ्या पडद्यावर इंग्रजीत संदेश येतो की या डिस्कांवर ‘परकी’ मांडणी आढळली आहे, आणि तिचे काय करायचे याचे दोन पर्याय दिसतात: इम्पोर्ट आणि क्लिअर. या क्षणी कोणाला फोन करू नये. इम्पोर्ट म्हणजे बाहेरून काहीतरी आत येणार, कदाचित व्हायरस. क्लिअर म्हणजे स्वच्छता, आणि स्वच्छतेला कोणाचा विरोध असणार! क्लिअर दाबल्यावर मांडणीची नोंद पुसली जाते, डिस्क अगदी नव्यासारख्या दिसू लागतात आणि पडद्यावरचा संदेश पुन्हा त्रास देत नाही.

आता सॉफ्टवेअर रेडविषयी. पॅरिटीच्या गणिताने (गेलेल्या डिस्कवरची माहिती उरलेल्या डिस्कांवरून काढता यावी म्हणून करायच्या हिशेबाने) प्रोसेसरवर ताण येतो, हा त्याविरुद्धचा आक्षेप 1990 च्या दशकातल्या प्रोसेसरांना पाहून घेतलेला असला तरी आपण तो आजही ठामपणे मांडावा. आजचा साधा प्रोसेसर हे गणित सेकंदाला काही जीबी या वेगाने उरकतो, तर फिरती डिस्क सेकंदाला जेमतेम दोन-अडीचशे एमबी देते, आणि काट्याचा प्रोग्राम दिवसभर एका वजनाची वाट पाहत बसलेला असतो. पण हे आकडे सभेत काढल्यास चहा थंड होतो. सॉफ्टवेअर रेडचा खरा धोका असा की मांडणीची माहिती डिस्कवरच, सर्वांना ठाऊक असलेल्या पद्धतीने लिहिलेली असते. मशीन जळाले, तर त्या डिस्क लिनक्सच्या कुठल्याही दुसऱ्या मशीनला लावून एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या एका आज्ञेत वाचता येतात. मग पुरवठादाराला आपली गरज उरत नाही, आणि दिवाळीला त्याच्याकडून येणारा मिठाईचा डबाही बंद होतो.

एवढे सांगूनही आपण सॉफ्टवेअर रेडच घेणार असाल, तर दोन डिस्कांचा आरसा करून, म्हणजे दोन्हींवर तीच नोंद ठेवून, बूटलोडर (मशीन सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) फक्त पहिल्या डिस्कवर ठेवावा. पहिली डिस्क गेली की दुसरीवर सगळा हिशेब शाबूत असतो, फक्त मशीन सुरू होत नाही. डिस्क गेल्याचा मेल पाठवण्याची सोयही असते. तिथे पत्ता देऊ नये, किंवा नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या मुलाचा द्यावा. (मदरबोर्डच्या बायोसमधले, म्हणजे बोर्डावरच असलेल्या सुरुवातीच्या प्रोग्राममधले, फुकटचे रेड हा तिसरा मार्ग आहे. त्यात गणित शेवटी प्रोसेसरच करतो आणि मांडणी मात्र त्या बोर्डापुरतीच राहते, म्हणजे दोन्हीकडचे तोटे एकाच ठिकाणी मिळतात. घाईत असाल तर हेच घ्यावे.)

डिस्क सगळ्या एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी बनलेल्या घ्याव्यात. आपल्याकडचा अडाणी म्हणवला जाणारा शेतकरी सगळ्या वावरात एकाच वाणाचे कपाशीचे बियाणे टाकत नाही. आपण शिकलेले असल्याने तसे करण्याची गरज नाही. मोठ्या डिस्कांवर रेड 5, म्हणजे एकच डिस्क गेली तर तगणारी मांडणी, करावी. एक डिस्क गेल्यावर नवी भरताना उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, त्याला तास किंवा दिवस लागतात, आणि तेवढा वेळ तिच्याच वयाच्या बहिणींनी कूलरच्या दमट वाऱ्यात, पंख्याच्या जाळीवर रुईचा थर घेऊन, न अडखळता पळायचे असते. म्हणून जाळी हंगाम संपल्याशिवाय झाडू नये.

बॅकअपचा विषय रेड आल्यावर आपोआप निकाली निघतो, असे पुरवठादार सांगतोच. त्याच्यावर विश्वास ठेवावा. मार्चअखेरीस एखाद्या कारकुनाने जुन्या हंगामाऐवजी चालू हंगामाच्या पावत्या निवडून डिलीट दाबले, तर ती आज्ञा रेड सगळ्या डिस्कांवर तितक्याच तत्परतेने पाळील, मग ते हार्डवेअर असो वा सॉफ्टवेअर. त्यानंतरही सर्व्हरचे दिवे हिरवे असतील आणि रेडची स्थिती ‘ऑप्टिमल’ (म्हणजे उत्तम) अशीच दिसेल. त्या पडद्याचा फोटो काढून लेखापरीक्षकांच्या शेऱ्याला उत्तर म्हणून जोडावा.