साडेअकरा रुपयांचे गाल

पुण्याला नणंदेकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. मॉलमधल्या पिवळ्या गोड उजेडात, काळे कपडे घातलेल्या एका मुलीने माझ्या गालांवर एक कांडी टेकवली, बोटाने थापटली आणि आरसा पुढे केला. आरशातली बाई रोज आठ तास झोपत होती, तिच्या घरी रोज नळाला पाणी येत होतं आणि तिचा मार्च एण्ड कधीच उरकला होता. मी भान हरपून ती कांडी घेतली. क्रीम ब्लश स्टिक, म्हणजे गालांची लाली, वजन ८ ग्रॅम, किंमत ४,२०० रुपये.

ग्रॅमला ५२५. हा भागाकार मी परतीच्या गाडीत कुर्डुवाडीच्या अलीकडे केला आणि मग सोलापूर येईपर्यंत कुणाशी बोलले नाही.

घरी आल्यावर खोक्याच्या तळाशी एक बारीक चित्र दिसलं. झाकण उघडी बरणी, आणि त्यात '१२ एम'. म्हणजे उघडल्यापासून १२ महिन्यांत संपवा. मी बँकेत आहे. मुदत दिसली की मला हुरूप येतो. लग्नाकार्यालाच लावायची म्हटली तर वर्षाला धरा दहा लग्नं, लग्नामागे ४२० रुपये. म्हणजे गालांचा खर्च आहेराच्या पाकिटाच्या वर! पण रोज लावली तर? दिवसाला साडेअकरा रुपये फक्त. ठरलं, रोज लावायची. रविवारी, एकादशीला, अंगात कणकण असली तरी.

पहिल्या दिवशी सवयीने आधी पावडर लावली आणि वरून कांडी फिरवली. क्रीम पावडरच्या आधी लावायचं असतं, पावडरीवर ते बसत नाही, त्याचे गोळे होतात, हे मी गोळे झाल्यावर शिकले. ओल आलेल्या भिंतीला कुणी गेरू फासून पाहावा तसे गाल दिसत होते. धुऊन टाकले. साडेअकरा रुपये मोरीत.

दुसऱ्या दिवशी क्रम बरोबर ठेवला. बोटाच्या उबेने थापटत थापटत, न घासता, गालाच्या हाडाकडे रंग नेला. खोटं कशाला बोलू, छान दिसत होतं. चार मिनिटं स्वतःकडे बघत उभी राहिले आणि मग स्कार्फ बांधला.

एप्रिलातलं सोलापूर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. पारा ४२ च्या घरात. गाडीवर बसण्याआधी आम्ही बायका तोंड असं बांधतो, की सिग्नलला सख्खी बहीण शेजारी उभी राहिली तरी गाडीच्या नंबरावरून ओळखावी लागते. एक वेढा डोक्यावरून, एक नाकावरून, मागे गाठ, आणि गाठीला एक करकचून हिसका. जुळे सोलापुरातून निघून सात रस्ता चौकावरून नवी पेठ गाठेपर्यंत स्कार्फाच्या आत घामाची आंघोळ होते. शाखेत पोचून स्कार्फ सोडला तर उजवा गाल कोरा. डावीकडे हिसका थोडा कमी बसतो, तिथे रुपयाएवढा लालभडक ठिपका शिल्लक.

"मॅडम, गांधीलमाशी चावली का?" शेजारच्या काउंटरवरून आलं. पेन्शनला आलेल्या एका आजींनी तर कनवटीची चुन्याची डबी काढलीसुद्धा. "लाव गं लेकरा, लगेच उतरतंय." मी लावला. दुसरं काय सांगणार होते?

पुढचं संकट उन्हाचं. ही कांडी म्हणजे मेण, तेल आणि रंग. आमच्या वरच्या खोलीत दुपारी मेण मऊ पडतं आणि तेल वर येतं. संध्याकाळी टोपण काढलं तर कांडीच्या माथ्यावर घामाचे थेंब. ५२५ रुपये ग्रॅमची वस्तू, पण सोलापुरात तिलाही सवलत नाही. तिला फ्रिजच्या दारात ठेवलं. तिथे ती इतकी कडक झाली, की सकाळी गालावर ओढली तर गालच तिच्यामागे जाई. मग भाकरी थापताना ती काखेत धरायची, थर्मामीटरसारखी. दोन भाकऱ्या झाल्या की कांडी तयार!

याच फ्रिजपायी प्रकरण घरातल्यांपर्यंत पोचलं.

"हे काय ठेवलीस गं माझ्या विरजणाशेजारी?" सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, कांडी दोन बोटांत धरून विचारलं.

माझे सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, टॉवेलच्या कारखान्यात ३२ वर्षं डाईंगला, म्हणजे रंगाईच्या खात्यात होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी घरात नवीन कपडा आला की आधी त्याचा कोपरा ओला करून पिळून बघणार. त्यांनी चष्मा लावला आणि खोक्यावरची मुंगीच्या अक्षरांतली यादी वाचायला घेतली. मला त्या यादीत काडीचंही कळलेलं नव्हतं. मामांचा चेहरा मात्र जुना दोस्त भेटल्यासारखा उजळला.

"अगं, हे तर सीआय नंबर! आमच्या रंगाच्या डब्यावर हेच असायचं. कलर इंडेक्स. हे बघ, ७७ हजारातलं म्हणजे खनिज. ७७४९१, आयर्न ऑक्साइड. गंज म्हण की सरळ. आणि हे ७५४७०... ७५ हजारातलं म्हणजे निसर्गातलं." इथे ते थांबले आणि आत्यांकडे पाहून आवाज उतरवला. "कोचिनील. किड्याचा रंग आहे हा."

आमच्या घरात अंडं येत नाही. केक आणला तर बेकरीवाल्याला शपथ घालावी लागते.

"कसला किडा?"

"तिकडं अमेरिकेच्या बाजूला निवडुंगावर असतेत. वाळवून, वाटून लाल रंग काढतेत. शिकलोय मी डिप्लोमाला."

आत्यांनी कांडी ओट्यावर ठेवली आणि हात धुतले. पाणी येऊन चार दिवस झालेले, उजनी धरण भरो नाहीतर आटो, आमचा नळ आपल्या तिथीलाच येतो. तरी तांब्याभर पाणी ओतून धुतले, यावरून काय ते समजा. मामांनी माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला. "तुझ्या इरकलीचा पदर रेशमाचा आहे की. ते कोसले काय पूजा करून सोडवतेत? उकळतेत."

"इरकल मी दह्याशेजारी ठेवत नाही," आत्या म्हणाल्या. विषय संपला. कांडी फ्रिजमधून हद्दपार होऊन माठाखालच्या तिवईवर आली.

पण मामांमधला डाईंग मास्टर आता जागा झाला होता. "रबिंग बघितलीस का याची? घासल्यावर रंग किती सुटतोय ते? पाचापैकी मार्क देत होतो आम्ही." मी नाही म्हटल्यावर त्यांना माझी कीव आली. पांढरा नॅपकिन मागवला, तर्जनीला गुंडाळला. माझ्या मनगटावर कांडीची रेघ ओढायला लावली, म्हणजे अंदाजे तीस रुपये, आणि तोंडाने मोजत दहा वेळा घासलं. मग नॅपकिनचा कोपरा ओला करून परत दहा वेळा. तो घेऊन उत्तरेच्या गॅलरीत गेले, कारण ट्यूबखाली शेड बघणाऱ्याला त्यांच्या खात्यात कुणी उभं करत नसे.

"दुकानात पिवळा बल्ब होता का?"

"हो."

"तिथंच फसलीस. तिथं तुला हा आंब्याच्या गालासारखा दिसला असणार. उजेडात बघ, डाळिंबी आहे." आणि खरंच होता. मॉलमधली ती झोप झालेली बाई बल्बची होती तर! "कोरडं चालून जाईल. ओलं कच्चं आहे. तू घामात घासालीस, वर स्कार्फ आवळालीस. यात भलेभले रंग सुटतेत." मग माझ्या गालांकडे, टॉवेलाकडे बघावं तसं बघत म्हणाले, "तुरटी लावून बघतीस का? हा रंग तुरटीनं धरतोय."

मी नको म्हटलं. चुना होऊन गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. आत्यांनी माझा पांढरा स्कार्फ धुवायला घेतला. आतल्या बाजूला दोन गाल उमटलेले, उजवा ठळक, डावा फिका. साबण लावला, घासला, तासभर भिजवला, पुन्हा घासला. जो रंग माझ्या तोंडावर सात रस्त्यापर्यंत टिकत नव्हता, तो स्कार्फावरून तसूभर हलला नाही. आत्यांनी तो तसाच दोरीवर टाकला. मामा खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बराच वेळ बसले होते, बऱ्याच वर्षांनी चांगलं काम मिळाल्यासारखे.

संध्याकाळी तिवईवर कांडीचं खोकं दिसलं. त्याच्या पाठीवर, फ्रेंच नावाच्या बरोबर खाली, बॉलपेनने लिहिलेलं: 'रबिंग ओलं १-२. वॉशिंग ४. शेड सॅम्पलप्रमाणे नाही. लॉट परत.' खाली तारीख, आणि कारखान्यात करायचे तशी आडवी सही.