खुर्ची सोडली, नियम काही सुटले नाहीत

आज तुळजापुरात एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेलं पोरगं, इंजिनिअर झालेलं, भातावर वरण ओतून घेत सांगायलंय, "इंग्रजांनी बरं केलं, युरोपवाल्यांच्या नाकावर टिच्चून युरोपियन युनियनमधून बाहेर पडले. दुसऱ्याचे नियम ऐकायचेच कशाला?" आणि आजूबाजूचे चार जण माना डोलवायलेत. लग्नात वाद नको म्हणून गप जेवलो, पण घरी आल्यापासून डोकं फिरलंय.

2010 आठवतंय का कुणाला? आमची दोन एकर थॉमसन द्राक्षं. अप्पा खिशात मणी मापायची प्लास्टिकची रिंग घेऊन फिरायचे, घडापाशी वाकून मण्याला लावून बघायचे, रिंगेतून मणी पार झाला की तोंड एवढंसं. माल गेला, कंटेनर युरोपात पोचला आणि तिथं तपासणीत लिहोसिन नावाचं औषध सापडलं. एप्रिल छाटणीनंतर फुटी आवरायला सगळेच मारायचे ते, वर्षानुवर्षं. तिथली मर्यादा तेव्हा किलोला 0.05 मिलिग्रॅम. ती ठरवताना अप्पांना कोण विचारणार, आपली तिथं खुर्चीच नव्हती.

ब्रिटनची होती की! 1973 पासून आत होते, युरोपच्या पार्लमेंटात 73 खासदार बसायचे त्यांचे, नियम पटला नाही तर तिथंच भांडायचं ना बाबा. ते सोडून 23 जून 2016 ला मतदान घेतलं, 52 विरुद्ध 48 टक्के, म्हणजे काठावर पास, आणि 31 जानेवारी 2020 ला बाहेर. स्कॉटलंड 62 टक्के नको म्हणत होतं, त्यालाही ओढत नेलं. बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलं होतं की आठवड्याला 35 कोटी पाउंड युरोपला जातात, ते दवाखान्यांना देऊ. त्यातले बरेच परत येत होते, तेवढं बसवर मावलं नसंल.

आणि मिळवलं काय? युरोपात माल विकायचा तर नियम युरोपचेच, वर कस्टमचे कागद वेगळे. माल नियमात बसतो हे दाखवायला स्वतःचा यूकेसीए शिक्का काढला आणि 2023 ला त्यांच्याच सरकारनं सांगितलं, बहुतेक मालाला युरोपचा सीई शिक्काच चालू द्या! म्हणजे आता तेही अप्पांच्याच लाइनीत उभे, फक्त सूट घालून.

बरं, ब्रसेल्सचे, म्हणजे युनियनच्या मुख्यालयातले, साहेब लोकांनी थेट निवडलेले नव्हते, ते खुपत असंल, मान्य. बाहेर पडले म्हणूनच 24 जुलै 2025 ला आपल्याशी व्यापाराचा वेगळा करार करता आला, हेही मान्य. पुढं.

अप्पांनी त्या वर्षी कुणाला शिवी दिली नाही. जे पैसे हातात आले ते खतवाल्याच्या उधारीत गेले, आईनं पाटल्या मोडल्या, तरी हे आपले "आधी कळलं असतं तर मारलं नसतं" एवढंच म्हणायचे. पुढं जिथं कुठं द्राक्षाची मीटिंग असंल तिथं एसटीनं जाऊन पहिल्या रांगेत बसायचे, कान तिकडं लावून. आतल्या खोलीत काय ठरायलंय ते कळावं म्हणून जीव तुटायचा हो माणसाचा. आणि हे इंग्रज, आत बसलेले असून उठून गेले!

आता त्या पोराचं सांगतो. त्याच्या घरची बाग यंदा एक्सपोर्टला रजिस्टर केलेली आहे. औषध कोणतं, किती मारलं, कोणत्या तारखेला, ती फवारणीची वही रोज रात्री भाकरी झाल्यावर त्याची आई लिहिती.