"गरज नसताना तीन डबे गळ्यात मारले" या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. तुम्ही लिहिलंय की सांगितलेल्या दिवशी माणूस आला नाही, इंटरनेटच्या 100 एमबीपीएस वेगाच्या प्लॅनवर मागच्या खोलीत 20 सुद्धा मिळत नाहीत, मीटिंग मध्येच तुटते, आणि बाबांना यातलं कळत नाही हे बघून आम्ही 8,400 रुपयांचा तीन डब्यांचा मेश सेट (एकमेकांना सिग्नल देत घरभर वायफाय पोचवणारे डबे) त्यांच्या गळ्यात मारला.

उशिराबद्दल माफी मागतो. शनिवार सांगून सोमवारी संध्याकाळी आलो. आमचा मुलगा भाताच्या लावणीला गावी गेला होता, दुकानात मी एकटा होतो. तरी फोन करायला हवा होता. तो केला नाही, चूक माझी.

पण "गळ्यात मारला" हे फार लागलं. रत्नागिरीत 14 वर्षं हे दुकान चालवतोय, असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही पुण्यात होतात, म्हणून काय बोलणं झालं ते सांगतो.

तुमचं घर जुनं, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची बंद केलेली पडवी, सगळं एका ओळीत. ओटीवरच्या फायबरच्या डब्यापासून तुमच्या टेबलापर्यंत तीन भिंती, एकेक जवळजवळ दीड फुटाची. जांभा पावसात ओल धरतो, आणि ओल सिग्नल खाते. 5 गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल अशा एका भिंतीतच दमतो. 2.4 चा पलीकडे जातो, पण तो मुळात हळू, त्यात शेजाऱ्यांचे राउटरही त्यावरच.

बाबांनी आधी सहा अँटेनांचा एकच मोठा राउटर मागितला होता. तो मी दिला नाही. अँटेना कितीही असोत, राउटरने किती ताकदीने सिग्नल सोडायचा याला सरकारी मर्यादा आहे. आणि राउटरचा सिग्नल पोचला तरी तुमच्या लॅपटॉपला त्याच तीन भिंतींतून उत्तर परत पाठवायचं असतं. त्याची ताकद तेवढी नसते.

मी सगळ्यात आधी सुचवली ती केबल. ओटीवरून माळ्यातून कॅट 6 ची, म्हणजे इंटरनेटची, 25 मीटर वायर थेट पडवीत, आणि तिथे एक डबा. दोन डब्यांत काम झालं असतं. दोनचा सेट, वायर आणि मजुरी धरून 7,000 च्या आसपास. बाबा म्हणाले, मे महिन्यातच रंग काढलाय, भिंतीला भोक पाडायचं नाही. घर त्यांचं, मी पुढे काही बोललो नाही. वायर नाही म्हटल्यावर डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार. ओटीवरच्या डब्याला तीन भिंतींपलीकडचा डबा नीट सापडत नाही, म्हणून मध्ये माजघरात तिसरा. मला जास्त माल खपवायचा असता तर वायरीचं नाव तरी कशाला काढलं असतं, तुम्हीच सांगा.

आणि बाबांना कळत नाही असं तुम्ही लिहिलंत, पण "दोन का नाही चालणार?" हे त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. उत्तर ऐकूनच पैसे दिले. बिनवायरीच्या या सेटमध्ये दर टप्प्याला वेग बराच कमी होतो, तेव्हा पडवीत 30 ते 40 धरा, हेही सांगितलं होतं. बसवल्यावर त्यांच्याच मोबाइलवर ओटीवर 91 आणि पडवीत 38 आले. त्याचा फोटो तारखेसकट माझ्याकडे आहे.

मग आता 20 च्या खाली का? काल बाबांशी फोनवर बोललो. माजघरातला डबा त्यांनी लोखंडी कपाटामागे सरकवलाय, कारण रात्री त्याचा दिवा डोळ्यांवर येतो. लोखंडाआड सिग्नल अडतो. मीटिंगला खरं तर 4-5 एमबीपीएस पुरतात, पण सिग्नल असा खालीवर व्हायला लागला की ती तुटते. बाबांना दोष देत नाही. दिवा ॲपमधून बंद करता येतो, ते मी दाखवायला हवं होतं, राहून गेलं.

ताई, गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक दारातच मोबाइलवर तुमचा अभिप्राय दाखवून परत फिरलं. आमचं घर या दुकानावरच चालतं. तुमचा राग खोटा आहे असं म्हणत नाही, पण फसवणूक झालेली नाही.

यापुढे वेळेच्या बाबतीत आणि समजावून सांगण्यात जास्त काळजी घेऊ. बुधवारी चारनंतर मी स्वतः येतो, पैसे लागणार नाहीत. भोक न पाडता वाशांवरून आणि दारावरच्या झरोक्यांतून वायर नेता येते का ते बघतो. बाबांना पटलं आणि तसं जमलं तर तिसरा डबा परत घेऊन फरकाचे पैसे देईन. तोवर माजघरातला डबा कपाटामागून काढून कपाटाच्या वर, पुढच्या कडेला ठेवायला सांगा. दिव्यावर कागदाची पट्टी चिकटवली तरी चालेल, फक्त बाजूच्या जाळ्या झाकू नका.