महाधमनीचा फुगा दुखत नाही, म्हणूनच तो मोजायचा असतो

ठाण्यातल्या नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'पोटातल्या महाधमनीला फुगा आला तरी दुखत नसेल तर ऑपरेशन नको. लसूण आणि अर्जुनसालीच्या काढ्याने तो उतरतो. आइनस्टाईन त्यासकट सात वर्षं जगले.' काकांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. महाधमनी म्हणजे हृदयातून निघून पोटात उतरणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. प्रोस्टेटच्या सोनोग्राफीत त्यांचा फुगा सापडलाय, ५.८ सेंटिमीटरचा.

'दुखत नसेल तर': काका आजही तलावपाळीला दोन फेऱ्या मारतात. हा फुगा बहुधा फुटेपर्यंत दुखतच नाही, म्हणून तो मापावर जोखतात. महाधमनी तिथे साधारण २ सेंटिमीटर रुंद असते, ३ झाली की फुगा. लहान असताना तो वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढतो, सिगारेट ओढणाऱ्याचा अधिक वेगाने. जितका रुंद, तितका भिंतीवर ताण. ४ सेंटिमीटरच्या आत फुटणं फार दुर्मिळ. ६ ते ७ झाला की शंभरातल्या दहा-वीस जणांचा वर्षभरात फुटतो, ८ च्या पुढे तीस ते पन्नास जणांचा. फुटल्यावर शंभरातले सुमारे ऐंशी दगावतात, कित्येक तर हॉस्पिटल गाठण्याआधीच. घोडबंदर रोडचा ट्रॅफिक आठवून बघा.

'ऑपरेशन नको': लहान फुग्यापुरतं हे बरोबर आहे. ४ ते ५.५ मध्ये घाईने ऑपरेशन करून आयुष्य वाढत नाही, हे ब्रिटनमधल्या अभ्यासात १९९८ साली दिसलं. पण तिथेही ठरावीक काळाने सोनोग्राफी होत होती. पुरुषांत ५.५ आणि बायकांत ५ च्या पुढे ऑपरेशनचा विचार करतात. आता बऱ्याच जणांना जांघेतून स्टेंट, म्हणजे आतून आधार देणारी नळी, घालता येतो, पोट उघडावं लागत नाही.

काढा: फुगा उतरवणारं औषध अजून सिद्ध झालेलं नाही, ॲलोपॅथीतही नाही. सिगारेट सोडा, बीपी आटोक्यात ठेवा.

आइनस्टाईनचं वाचून मला राग आला. त्यांचं १९४८ मध्ये ऑपरेशन झालं होतं, सर्जन निस्सेन यांनी फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं होतं. तोच फुगा एप्रिल १९५५ मध्ये फुटला. पुन्हा ऑपरेशनला त्यांनी नकार दिला आणि १८ तारखेला ते गेले. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही.

ज्यांच्या घरी असा रिपोर्ट आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा: पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ, घाम, चक्कर आली तर मुतखडा समजून घरी थांबू नका, आणि फुग्याचं माप इमर्जन्सीत पहिल्यांदा सांगा. काकांच्या पाकिटात मी ते चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. मंगळवारी सर्जनकडे जातोय.