कापलेले गवत हिरवळीवर राहू देण्याबाबत खुलासा

हिरवळ कापल्यानंतर गवताचे तुकडे तिथेच राहू दिले तर त्यांचा थर साचून मुळे गुदमरतात, म्हणून प्रत्येक कापणीनंतर ते उचललेच पाहिजेत, असा सल्ला सध्या बराच फिरत आहे. तो सरसकट खरा नाही.

जमिनीलगत जो तपकिरी, स्पंजसारखा थर तयार होतो, तो मुख्यतः गवताचे बुंधे, जमिनीवरून व जमिनीखालून पसरणारी खोडे आणि मुळे यांचा असतो. या भागांत लिग्निनचे, म्हणजे वनस्पतीला कडकपणा देणाऱ्या चिवट द्रव्याचे, प्रमाण जास्त असल्यामुळे ते सावकाश कुजतात. कोवळ्या पात्यांचे तसे नाही. त्यांच्या वजनात सुमारे ७५ ते ८५ टक्के पाणीच असते, आणि उरलेला भाग सूक्ष्मजीव व गांडुळे लवकर कुजवून त्यातील नत्र जमिनीला परत देतात; हिरवळीच्या वर्षभराच्या नत्राच्या गरजेपैकी साधारण चौथा हिस्सा यातून भागू शकतो. थर वाढतो तो बहुधा नत्रखतांच्या अतिरेकाने किंवा घट्ट, आम्लधर्मी मातीमुळे. आणि पाती उचलून नेणारेच पुष्कळदा त्यामुळे होणारी नत्राची उणीव जादा खताने भरून काढू पाहतात, हे लक्षात घ्यायला हवे.

अर्थात, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त गवत कापू नये, ही अट पाळली तरच हे लागू होते. लांब, ओल्या गवताचे पुंजके खालच्या पात्यांचा प्रकाश अडवतात. ते विस्कटून पसरावेत किंवा उचलावेत. नुकतेच तणनाशक फवारलेल्या हिरवळीचे गवत भाजीपाल्याच्या वाफ्यावर आच्छादन म्हणून वापरू नये.