ब्रिटनचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या

महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मदरशात शिकवणाऱ्या डीएड शिक्षकांचं मानधन सहा हजारांवरून सोळा हजार केलं, तेव्हापासून चिपळूणच्या माझ्या शाळासोबत्यांमध्ये जो वाद पेटलाय तो विझायचं नाव घेत नाही. परवा एकाने थेट मलाच लिहिलं की ब्रिटनने सेक्युलर राहून मुसलमानांचे लाड केले, बर्मिंगहॅमचं काय झालं ते तुझ्या डोळ्यांसमोर आहे, तू मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंच्या तालुक्यातला, आता तूच सांग इथल्यांना. तर सांगतो. मी कोकणी मुसलमान, मराठी शाळेत शिकलो, बर्मिंगहॅममधल्या स्पार्कहिलच्या जवळ राहतो, आणि बर्मिंगहॅमचं काय झालंय ते कामावर जाता-येता बघतो.

पहिली गोष्ट, ब्रिटन सेक्युलर नाही. राजा चर्चचा प्रमुख, २६ बिशप लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात बसतात. इंग्लंडच्या सरकारी शाळेत रोज सामूहिक प्रार्थना व्हावी असा १९४४ पासून कायदा आहे, आणि १९८८ पासून ती मुख्यतः ख्रिस्ती वळणाची असावी असंही त्यात लिहिलंय (बऱ्याच शाळा ते पाळत नाहीत, पण कायदा आहे). सरकारच्या पैशावर चालणाऱ्या चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळा साडेचार हजारांच्या वर, कॅथलिक दोन हजारांच्या आसपास. म्हणजे दर तीन सरकारी शाळांत एक धर्माची. मुसलमानांनी हेच मागितलं, तर १९८३ मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या ब्रेंटमधल्या इस्लामिया शाळेला १९९८ मध्ये सरकारी पैसा मिळाला. आज अशा मुस्लिम शाळा पन्नाससुद्धा नाहीत. लंडनच्याच हॅरोला २००८ पासून सरकारी पैशाची हिंदू शाळा आहे, त्याला कोणी लाड म्हणत नाही. आपल्या घटनेचं २८वं कलम याहून कडक आहे, पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्म शिकवायचाच नाही असं ते सांगतं. मग शिकवायला कोण कुणाकडे येणार होतं?

यावर मित्र म्हणणार, बरं मग फ्रान्स घे. फ्रान्सने २००४ मध्ये शाळेत डोक्यावरचा रुमाल बंद केला, २०२३ मध्ये अबाया, म्हणजे अंगभर सैल झगाही. पण तोच फ्रान्स १९५९ च्या कायद्याने खासगी कॅथलिक शाळांतल्या शिक्षकांचे पगार देतो. हे कोणी सांगत नाही, कारण मग सोळा हजारांवर आरडाओरडा कसा करणार, आणि हे पैसे तर गणित-विज्ञान शिकवणाऱ्यांचे आहेत.

आता बर्मिंगहॅम. इथल्या ॲलम रॉक भागातली पार्क व्ह्यू ही धार्मिक शाळा नव्हतीच, साधी ॲकॅडमी (सरकारी पैशावरची, पण स्वतःचा कारभार स्वतः बघणारी शाळा) होती, पण मुलं जवळपास सगळी मुसलमान, कारण आजूबाजूची वस्तीच तशी. २०१२ मध्ये ऑफस्टेडने, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, तिला आउटस्टँडिंग हा सर्वात वरचा शेरा दिला होता. २०१४ मध्ये ट्रोजन हॉर्सवालं निनावी पत्र बाहेर आलं, कट्टर मुसलमान इथल्या शाळा ताब्यात घ्यायचा कट करताहेत असं सांगणारं, ते बनावट असल्याचं बहुतेक सगळेच मानतात, तरी २१ शाळा तपासल्या गेल्या आणि दहशतवादविरोधी पोलिसांचे माजी प्रमुख पीटर क्लार्क यांना चौकशीला नेमलं. त्यांना दहशतवाद सापडला नाही. पण शाळांमध्ये असहिष्णू, कट्टर वातावरण आणायचा ठरवून प्रयत्न झाला असं त्यांनी लिहिलं, आणि शिक्षकांच्या ग्रुपवरचे समलिंगी लोकांबद्दलचे मेसेज मी वाचलेत, ते कुठल्याही मुलाच्या शिक्षकाला शोभणारे नाहीत. पुढे २०१७ मध्ये वरिष्ठ शिक्षकांवरच्या शिस्तभंगाच्या केसेस कोसळल्या, कारण सरकारी बाजूने द्यायची कागदपत्रं बचावाला दिलीच नव्हती. दोन्ही खरं आहे. माझ्या मित्राला यातलं पहिलंच हवं असतं आणि आमच्या मशिदीतल्या चाचांना दुसरंच, आणि मध्ये जी मुलं परीक्षेला बसलेली होती त्यांच्या दाखल्यावर त्या शाळेचं नाव कायमचं राहिलं, त्यांचं कोणीच बोलत नाही.

दलवाईंचंही तसंच होतं. ते मुसलमानांना काय म्हणाले ते सगळ्यांना पाठ, पण हिंदू जातीयवादालाही ते तितकाच विरोध करायचे, ते आठवत नाही. आमच्या घरात त्यांचं नाव हळू आवाजात निघायचं. मी मात्र त्यांना मानतो, इथं येऊन जास्तच मानायला लागलो.

माझी मुलगी इथे जन्मली. ईयर नाइनपासून, म्हणजे तेरा-चौदाव्या वर्षापासून, ती हिजाब घालते. तिची आई घालत नाही, माझी दादी लुगडं नेसायची आणि पदर डोक्यावर घ्यायची, बस. मुलीला कोणी मूळची कुठली विचारलं तर ती चिपळूण म्हणत नाही, इंडियन पण म्हणत नाही, मुस्लिम म्हणते. तिच्या वर्गात मीरपुरी (पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरकडच्या), सोमाली, सिल्हेटी (बांगलादेशकडच्या) मुली आहेत, त्यांना एकत्र बांधणारं दुसरं काय आहे म्हणे. मौलवीने शिकवलेलं नाही हे, वर्गानेच शिकवलं. मला ते झोंबतं, खोटं कशाला बोलू. मी तिला सांगतो की आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दसऱ्याला पाटीपूजन असायचं, मीही पाटीवर सरस्वती काढायचो, झेंडूचं फूल वाहायचो, घरी कोणी रागावलं नाही. तर ती म्हणते, बाबा, म्हणजे तुमची शाळा पण धर्माचीच होती, फक्त धर्म तुमचा नव्हता. मला तिला पटेल असं उत्तर देता आलेलं नाही. तरी त्या शाळेतलेच मित्र आजही माझ्याशी भांडतात, तिच्या वर्गातून असं भांडणारं कोण निघणार?

आणि माझं तरी कुठे काय धड आहे. मशिदीत मी इंडियन. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला जातो तर कोणीतरी कौतुकाने म्हणतंच, तुमचं मराठी किती छान आहे हो! माझ्या आईची भाषा आहे ती. मी हसून मोदक घेतो आणि पुढच्या वर्षी परत जातो, कारण मराठी कानावर पडायला दुसरी जागा नाही.

लंडनमधल्या वेम्ब्लीच्या मायकेला शाळेने नमाज बंद केला, तिथली निम्मी मुलं मुसलमान, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये हायकोर्टाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. मुलगी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही कारण मला निकाल पटला होता. शाळेत कोणाचीच प्रार्थना नको हे मला मान्य आहे. पण मग हजारो शाळांतली ख्रिस्ती प्रार्थना कायद्यातून काढा, चर्चचे पैसे बंद करा, इस्लामियाचे आणि हॅरोचेही करा, आणि सगळी मुलं एका वर्गात बसवा.

म्हणूनच चेंबूरच्या कॉलेजने हिजाबवर बंदी घातली तेव्हा मी बंदीच्या विरोधात होतो, सुप्रीम कोर्टाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती काही अंशी थांबवली तेव्हा बरं वाटलं. मित्राला यात विसंगती दिसते. मला नाही दिसत. मायकेलात रुमाल चालतो, नमाज नाही. चेंबूरला तर नुसत्या रुमालावरून मुली बाहेर. ज्या नऊ जणी कोर्टात गेल्या त्यांना कॉलेज हवं होतं, आपल्या समाजाचं वेगळं नाही, तेच, तुमच्या मुलांबरोबरचं. त्यांना दारातून परत पाठवलं तर त्या जिथे जातील तिथे सगळ्या त्यांच्यासारख्याच असतील, आणि मग तूच मला लिहिशील की बघ, मुंबईचं बर्मिंगहॅम झालं.